कोरडवाहू रानातला आंबा

कामगारांच्या दारसभांत ज्याची हयात गेली त्याने आंब्यावर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. कारण साधे आहे. कारखाना बंद पडल्यावर हाती आलेल्या पैशांतून आमच्या दोघा सभासदांनी जालना जिल्ह्यातल्या गावी केसरची रोपे लावली. सात वर्षे घागरींनी पाणी घातले. फळ आले ते आंबट आणि दोऱ्यांनी भरलेले. केसर म्हणून कोणी रायवळ गळ्यात मारले होते. सात वर्षांची मेहनत गेली. तेव्हापासून मी हा विषय मुळापासून वाचू लागलो.

आंब्याची मुख्य अडचण कोयीत आहे. आपल्याकडील बहुतेक जातींच्या कोयीत गर्भ एकच असतो आणि तो दोन झाडांच्या संकरातून झालेला असू शकतो. आई दिसते, बाप कोण ते मोहोरावर बसलेल्या माशीलाच ठाऊक! म्हणून हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील ओलूरसारख्या काही जाती निराळ्या. त्यांच्या एका कोयीतून अनेक रोपे फुटतात व त्यांतली बरीच हुबेहूब आईसारखी निघतात. बाकी सर्वत्र चांगले झाड एकदा सापडले की कलमानेच राखावे लागते.

केसर असाच सापडला. जुनागढजवळच्या वंथळीच्या एका झाडाची कलमे 1931 च्या सुमारास गिरनारच्या पायथ्याशी लावली गेली आणि 1934 साली नवाबांनी गराचा रंग पाहून त्याला हे नाव दिले, असे सांगतात. सौराष्ट्राची ती हवाही कोरडीच. त्यामुळे मराठवाड्यात तो रुळला, आणि 2016 साली ‘मराठवाडा केसर’ला भौगोलिक मानांकन मिळाले.

सापडण्याची वाट न पाहता मुद्दाम संकर करणे हा दुसरा मार्ग. पुण्याच्या गणेशखिंड बागेत बर्न्स आणि प्रयाग यांनी तो 1911 पासून चोखाळला. काम मोठे चिवट. एका तुऱ्यावर शेकडो फुले, त्यांतली कित्येक केवळ नर. हाताने पराग लावलेल्या फुलांतून फळ टिकते ते क्वचित, आणि त्या कोयीचे झाड फळायला पुन्हा कित्येक वर्षे. तरी फळ मिळाले: दशेरी व नीलम यांच्यापासून मल्लिका आणि 1979 साली आम्रपाली, वेंगुर्ल्यास नीलम व हापूस यांच्यापासून 1981 साली रत्ना. नीलम दरवर्षी फळतो, हापूस वर्षाआड रुसतो व त्याच्या गरात साका होतो. रत्नात साका नाही.

कोरड्या मुलखात निवड करताना फसगत होते ती पाण्यामुळे. विहिरीजवळच्या झाडाचे फळ मोठे, बांधावरच्याचे लहान. पण त्यावरून कुळाची परीक्षा होत नाही. दोन्हींच्या काड्या एकाच जमिनीत, सारख्या खुंटांवर बांधून तुलना करावी, तीही किमान चार-पाच हंगाम. एकाच वर्षाच्या बहरावर भाळणारा माणूस वर्षाआड फळणारे झाड निवडून बसतो. (आमच्या संघटनेतही एका संपातल्या घोषणांवरून पुढारी निवडणारे असतातच.) वजन, गराचे प्रमाण, दोरे, गोडीला लागणारा आंबटपणा, आढीतला टिकाऊपणा, आणि दुष्काळी वर्षी किती फळ झाडावर राहिले, हे सारे वहीत हवे. हवा कोरडी असण्याचा एक फायदाही आहे: करप्याला ओल लागते, ती इथे कमी.

खुंटाकडे मात्र आपण दुर्लक्ष करतो. पिशवीत वाढलेल्या रोपाचे सोटमूळ वाकते, खुंटते. कोय खड्ड्यातच पेरली, मूळ सरळ खाली गेले, आणि पावसाळ्यात जागेवर कोवळ्या शेंड्याला काडी बांधली, तर झाड उन्हाळा सोसते. इस्रायलमध्ये तर चुनखडीच्या जमिनीला व खारट पाण्याला दाद न देणारा 13-1 नावाचा खुंटच निवडून काढला आहे.

आमच्या त्या दोघांनी शेवटी झाडे उपटली नाहीत. फांद्या छाटल्या, आलेल्या फुटव्यांवर खात्रीच्या केसरच्या काड्या बांधल्या. मुळे खोल गेलेली होती, म्हणून तिसऱ्या वर्षीच मोहोर धरला. एक रायवळ मात्र त्यांनी तसेच ठेवले. ते दुष्काळातही लगडते, आणि त्याच्या कैरीचे लोणचे घरच्यांना सोडवत नाही.