आजींचे वय किती?



द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याचे तरुण ओझर-पिंपळगावकडे 'जगायला' येतात. पाड्यावर उरतात म्हातारी माणसे आणि नातवंडे. जग म्हातारे होत चालले आहे. जपानमध्ये दहांतले जवळजवळ तिघे पासष्टीपुढचे. पण तिथे पेन्शन आहे. आमच्या पाड्यांवर आधार आहे तो श्रावणबाळ योजनेच्या महिना 1,500 रुपयांचा. त्यासाठी वय 65 पूर्ण हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत. (एवढ्यात कोण कसे जगते, ते विचारू नका.)

अडते ते वयापाशी. जुन्या लोकांची जन्मनोंद नाही. आधार काढताना अंदाजाने साल पडले. एका आजींचा अर्ज मी भरला. कागदावर वय 58. अर्ज परत आला. मग मुलाचा शाळेचा दाखला काढला, तर तो 50 वर्षांचा! म्हणजे आई आठ वर्षांची असताना झाला?

अशा वेळी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला उपयोगी पडतो. पण आजींना तिथवर चालवत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी महिन्यातला एक दिवस आम्हाला द्यावा.