टेबलावरच्या गोधडीपट्टीत काय भरावे?



जेवणाच्या टेबलावर मधोमध लांबट पट्टी अंथरण्याची पद्धत आता आपल्याही घरांत आली आहे. पनवेलमधील आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने या पट्ट्या गोधडीसारख्या शिवून विकायचे ठरवले. कापड, रंग, टाका यांवर दुमत झाले नाही. वाद झाला तो आत काय भरायचे यावर.

पहिल्या खेपेला पिंजलेला कापूस आणला. पट्ट्या दिसायला झकास झाल्या, पण टाक्यांच्या ओळी चार-चार बोटे अंतरावर होत्या. पहिल्याच धुण्यात कापूस सरकून त्याच्या गाठी झाल्या आणि पाच पट्ट्या परत आल्या. मंडळाचा हिशेब माझ्याकडे असल्याने तो तोटा चांगलाच लक्षात आहे. सुटा कापूस भरायचाच असेल तर ओळी दोन बोटांपेक्षा दूर नकोत. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात जाड कापूस लवकर वाळत नाही, कुबट वास धरतो.

मग पॉलिस्टरचे फायबर आणले. ते हलके, झटपट वाळणारे, जागचे न हलणारे. पण चुलीवरून उतरवलेले पातेले वर ठेवले की कृत्रिम धागा वितळून चिकटतो आणि फुगीरपणामुळे चहाचा कप डुगडुगतो. शोकेसवर घालायला चालेल. जेवणाच्या टेबलाला नको. फोमचे तर नावच काढू नये.

राहिले कापडच. आपल्या आज्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर घालीत. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड आधीच आटलेले असते, सपाट बसते, लवकर वाळते. दोन थर पुरतात. साडी खरोखर सुती आहे की नाही याची शंका असेल तर एक धागा जाळून पाहावा. सुताची राख होते, कृत्रिम धाग्याची कडक गुठळी होते.

हे ठरत असताना साठी उलटलेल्या एक मावशी म्हणाल्या, "माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्यांनी दिलेली जुनेरं नेसली. आता पुन्हा जुनेराला हात लावायचा? आणि घेणारी विचारील, हे कुणाच्या अंगावरचं?"

सगळ्या गप्प झाल्या. मावशींचे दुखणे खोटे नव्हते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले होते की वस्त्र ठिगळाचे असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असू द्या. मला विनयपिटकातील चुल्लवग्गाचीही आठवण झाली. कोसंबीला उदेन राजाने भिक्खू आनंदांना विचारले, पाचशे चीवरांचे काय करणार? आनंदांनी हिशेबच दिला. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. जीर्ण चीवरांची पलंगपोसे, त्यांच्या पुढे गादीच्या खोळी, मग जमिनीवरची बिछायत, मग पायपुसणी, मग फडकी. शेवटी चिंध्या मातीत मळून जमीन सारवू. आमच्या मंडळाचाही असा हिशेब असता तर!

मावशी ऐकून म्हणाल्या, "दुसऱ्याचं घेणं निराळं, आपलं आपण वापरणं निराळं. पण घेणारीला सांगून द्यायचं. लपवायचं नाही."

तसेच केले. फक्त आपल्या घरच्या साड्या घ्यायच्या, धुण्याच्या सोड्यात उकळून कडक उन्हात वाळवायच्या. प्रत्येक पट्टीला चिठ्ठी टाचली: 'आत जुनी सुती साडी, दोन थर'. एका बाईंनी चिठ्ठी वाचून पट्टी खाली ठेवली, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना जुने नको त्यांच्यासाठी नवा मांजरपाट घालतो. तो रात्रभर भिजवून दोनदा धुवावा, नाहीतर नंतर आटून वरच्या कापडाला चुण्या पडतात. खर्च अर्थातच जास्त येतो.

आमची पट्टी १४ इंच रुंद, ५४ इंच लांब. थर एकावर एक घालून आधी कच्चा टाका, मग मधून कडेकडे धावदोरा. कडेपासून सुरुवात केली तर मध्ये फुगा येतो.

पुढच्या रविवारी मावशी स्वतःचे नऊवार घेऊन आल्या. विरलेला भाग कापून टाकला, तरी पाच पट्ट्यांचे थर निघाले.