शहरी बेघरांसाठी निवारा (भारत)

शहरी बेघरांसाठी निवारा ही भारतातील महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती या नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपविण्यात आलेली जबाबदारी आहे. उघड्यावर राहणाऱ्या व्यक्तींना सुरक्षित आसरा, पाणी, स्वच्छतागृह आणि शासकीय योजनांचा लाभ मिळवून देणे, हा तिचा उद्देश होय. निवारा हा कायमस्वरूपी घराला पर्याय नसून घराकडे जाणारी पहिली पायरी मानला जातो.

व्याख्या व संख्या

भारतीय जनगणनेनुसार ज्यांचे वास्तव्य घर म्हणून नोंदवता येईल अशा वास्तूत नसते, त्यांना बेघर म्हटले जाते. पदपथ, उड्डाणपुलाखालील जागा, रेल्वेफलाट, मोठे सिमेंटचे नळ, देवळांचे मंडप अशा ठिकाणी राहणाऱ्यांचा यात समावेश होतो. झोपडपट्टीतील रहिवासी या व्याख्येत येत नाहीत. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७३ लाख बेघर व्यक्तींची नोंद झाली. २००१च्या तुलनेत ही एकूण संख्या घटली. मात्र शहरी बेघरांची संख्या सुमारे ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेली. महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख बेघर नोंदविले गेले. बेघरांची गणना एकाच रात्री केली जाते. कामासाठी सतत जागा बदलणाऱ्या व्यक्ती त्यामुळे नोंदीतून सुटण्याची शक्यता असते.

न्यायालयीन पार्श्वभूमी

जुलै १९८१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवर व झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. तिला आव्हान देणाऱ्या ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९८५ मध्ये दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाने उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. मात्र पदपथावर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने नाकारला. १९७६च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही निकालात म्हटले होते. आसऱ्याचा प्रश्न अशा रीतीने नोंद आणि ओळखपत्र यांच्याशी जोडला गेला.

डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीतील एक तात्पुरता निवारा ऐन थंडीत हटविण्यात आला. त्यानंतर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या प्रलंबित याचिकेत, शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा वर्षभर व चोवीस तास चालविण्याचे निर्देश राज्यांना दिले.

स्थानिक संस्थांचे कार्य

७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्य निर्मूलन व दुर्बल घटकांचे हितरक्षण हे विषय नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा विषयांत अंतर्भूत आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्यासाठी स्वतंत्र घटक ठेवण्यात आला. त्याच्या मार्गदर्शक सूचनांतील प्रमुख निकष पुढीलप्रमाणे होते :

• दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० व्यक्तींची सोय;
• प्रतिव्यक्ती किमान ५० चौरस फूट जागा;
• बेघरांच्या वस्तीच्या व कामाच्या ठिकाणांजवळ निवाऱ्याची उभारणी;
• पाणी, स्नानगृह, शौचालय, स्वयंपाकाची जागा, अंथरूण-पांघरूण व प्रथमोपचार;
• पुरुष, स्त्रिया व कुटुंबे यांच्यासाठी, तसेच निराधार वृद्ध, मनोरुग्ण आणि उपचारांनंतर बरे होत असलेले रुग्ण यांच्यासाठी गरजेनुसार वेगळी व्यवस्था.

अनेक ठिकाणी निवारागृहांचे दैनंदिन व्यवस्थापन स्वयंसेवी संस्थांकडे दिलेले असते.

प्रतिबंध

बेघरपणाचे एक मूळ कारण कागदपत्रांचा अभाव हे आहे. पत्ता नसल्याने शिधापत्रिका, बँक खाते किंवा निवृत्तिवेतन मिळणे कठीण होते आणि त्यांच्याअभावी भाड्याची खोली मिळणेही दुरापास्त होते. यास्तव रहिवाशांना ओळखपत्र मिळवून देणे आणि मुलांना अंगणवाडी व शाळेत दाखल करणे ही निवारागृहाची कामे मानली गेली आहेत. वस्ती हटविताना पूर्वसूचना व पुनर्वसन देणे हाही प्रतिबंधाचा मार्ग होय. नवे बेघर त्यामुळे निर्माण होत नाहीत.

मर्यादा

२०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १.२४ कोटी होती. वरील निकषाप्रमाणे तेथे सुमारे १२४ निवारे आवश्यक ठरतात; प्रत्यक्षातील संख्या त्याहून पुष्कळ कमी राहिली आहे. दाट वस्तीत जागेची टंचाई असते, तर दूरवर बांधलेला निवारा हमाल, नाका कामगार किंवा कचरावेचक यांना रोजगारापासून तोडतो व रिकामा राहतो. राज्यांकडे असलेला निधी अखर्चित राहिल्याच्या तक्रारींची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

दुसरीकडे, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ अन्वये भीक मागणे हा अपराध ठरतो. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणारी व्यक्तीही त्याच्या कक्षेत येऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्यातील प्रमुख तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात मात्र कायद्याच्या दृष्टीने एकच बेघर व्यक्ती निवाऱ्याची हक्कदार आणि अटकेस पात्र अशी दोन्ही ठरू शकते.

निवाऱ्यातून भाड्याच्या वा स्वतःच्या घरात जाण्याचा टप्पा हा या व्यवस्थेचा सर्वांत दुर्बल दुवा आहे. परवडणारी भाड्याची घरे उपलब्ध नसल्यास तात्पुरता आसराच कायमचा होतो आणि नव्याने येणाऱ्यांसाठी जागा उरत नाही.