द्वीपवासीयांचे जोडवाहन

स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागराचा मारा सोसणाऱ्या हेब्रिडीज द्वीपसमूहात, जेथे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि सपाट जमीन दुर्मीळ असते, तेथे मोटारीमागे जोडलेला ट्रेलर हा सामान्य कुटुंबाच्या प्रपंचाचा मोठा आधार होऊन बसला आहे. अठराव्या शतकात स्काय बेटावरची गुरे विक्रीसाठी मुख्यभूमीवर न्यावयाची झाली म्हणजे, मागच्या जनावराच्या खालच्या जबड्याची दोरी पुढच्याच्या शेपटीला बांधून आणि भरती-ओहोटीची संधी साधून, काइलरेच्या खाडीतून ती पोहत नेली जात. आज तोच प्रवास जनावरे ट्रेलरमध्ये उभ्याने, 1995 साली खुल्या झालेल्या स्कायच्या पुलावरून करतात.

येथील शेतकऱ्यास 1886 च्या कायद्याने वहिवाटीची शाश्वती आणि वाजवी खंडाचा हक्क मिळाला खरा. परंतु जमिनीचा तुकडा लहानच राहिल्यामुळे शेतीस मासेमारीची वा अन्य रोजगाराची जोड द्यावी लागते, आणि प्रत्येक कामासाठी निराळे वाहन बाळगणे त्यास परवडत नाही. म्हणून शरद ऋतूत कोकरे बाजारात नेणारी मोटारच एरवी सरपणाचे पीट, गवताच्या गंजी किंवा शेवंड्यांचे पिंजरे ओढते, आणि सुटीच्या दिवशी तिच्यामागे शिडाची छोटी नौका बंदराकडे निघते.

हे बहुगुणी साधन वापरणाऱ्याकडून शिस्त मात्र कठोरपणे मागते. भार आसाच्या किंचित पुढे असावा, म्हणजे मोटारीच्या जोडगोळ्यावर योग्य तेवढे वजन पडते. तो मागे सरकला, तर उतारावर ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावू लागतो आणि मोटारीसही आपल्याबरोबर खेचतो. नौका पाण्यात उतरवितानाही घाई घातक ठरते, कारण दूरच्या प्रवासाने तापलेली बेअरिंगे थंड समुद्रात बुडताच आतील हवा आकुंचन पावून खारे पाणी शोषून घेते, आणि गंज आतूनच सुरू होतो. चाके निवू द्यावीत आणि नंतर गोड्या पाण्याने धुवावीत, हा नियम म्हणूनच पाळला जातो.

कायद्याचे बंधनही स्पष्ट आहे: ब्रिटनमध्ये स्वतंत्र ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे एकूण वजन 750 किलोपेक्षा अधिक असू शकत नाही, रुंदीची मर्यादा 2.55 मीटर आहे, आणि मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ट्रेलर ओढताना वेग ताशी 50 मैलांपलीकडे नेण्यास मनाई आहे. डिसेंबर 2021 पासून साध्या मोटारीच्या परवान्यावरही 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाल्यामुळे निराळ्या परीक्षेचे बंधन उरले नाही, आणि जबाबदारी चालकाच्या विवेकावर अधिकच येऊन पडली.

या विवेकाची खरी कसोटी एकपदरी रस्त्यावर लागते. बेटांवरील रस्ता बहुधा एकाच वाहनापुरता असून ठिकठिकाणी बाजूस थांबण्याच्या जागा असतात. अशा रस्त्याची किंमत रासे बेटावरच्या कॅलम मॅक्लाउड यांनी जाणली होती. सरकारदरबारी केलेले अर्ज फलद्रूप न झाल्याने त्यांनी ब्रोकेल ते आर्निश हा सुमारे पावणेदोन मैलांचा मार्ग कुदळ, फावडे आणि हातगाडी यांच्या बळावर वर्षानुवर्षे खपून तयार केला. ज्या भूमीत रस्ता इतक्या कष्टाने लाभतो, तेथे निवासी ट्रेलर घेऊन आलेल्या प्रवाशाने थांबण्याच्या जागेत मुक्काम ठोकणे, किंवा मागे कोकरे घेऊन खोळंबलेल्या शेतकऱ्यास पुढे न जाऊ देणे, हा त्या श्रमांचा अवमान आहे. विहारासाठी आलेल्याचा अर्धा तास थोडासा उशीर म्हणून सोसता येतो. परंतु बाजाराची वेळ चुकलेल्या शेतकऱ्याचा अख्खा दिवस, आणि कधी वर्षाची कमाईही, हातची जाऊ शकते. म्हणून वाट देण्याचा पहिला धर्म पाहुण्याचा आहे.