शुद्ध केलेले पाणी आणि निष्प्रभ होणारी औषधे

औषधनिर्मितीत आपल्या हैदराबादने मिळविलेला लौकिक सर्वश्रुत आहे. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवरील पाटणचेरू हे त्या उद्योगाचे मोठे केंद्र. तेथील सुमारे ९० औषध-कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक शुद्धीकरण केंद्रात येत असे. स्वीडनचे शास्त्रज्ञ योआकिम लार्सन व त्यांचे सहकारी यांनी तेथून बाहेर पडणारे, म्हणजे ‘शुद्ध’ झालेले, पाणी तपासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक औषध एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही इतके नसते. दिवसाचा हिशेब झाला अंदाजे ४५ किलो! नव्वद लाख वस्तीचा स्वीडन देश पाच दिवसांत जेवढे वापरी, तेवढे येथे एका दिवसात वाहून जात होते. निव्वळ माल म्हणून पाहिले तरी ही नासाडी व्यापाऱ्याच्या मनास पटणारी नाही.

असे कसे घडले? केंद्राची योजना सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी होती; प्रतिजैविके मोजण्याचे बंधनच नव्हते. जे तराजूत घातले नाही, त्याचे वजन कोण सांगणार? शिवाय घाण खाणारे जिवाणू टिकावेत म्हणून त्या पाण्यात मानवी मैलापाणी मिसळीत. त्यामुळे आतड्यांतील जंतू आणि औषध यांची तेथे रोजचीच गाठ पडे. दुबळे जंतू मरत. जे तगत ते आपली प्रतिकारशक्ती निराळ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकत. धान्य-व्यवसायातील बंधूंस हे नवे नाही. गळक्या गोदामात औषधाची धुरी वारंवार अपुरी दिली, की पुढे त्याच धुरीला सोंडे दाद देत नाहीत. फरक एवढाच, की सोंडे आपली ताकद शेजारच्या किड्यास उसनी देत नाहीत.

पुढे जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने औषध-कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांत मात्र त्या मर्यादा वगळल्या गेल्या. कारखानदारांची खर्चाची अडचण आम्ही जाणतो. परंतु जो खर्च मालाच्या दरात धरला नाही, तो नदीकाठच्या शेतकऱ्याच्या आणि रुग्णाच्या नावे पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिची सक्ती नाही, तथापि खरेदीदार तिच्या अटी सौद्यात घालू शकतो. आपल्यातील औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांनी कारखान्याकडे सांडपाण्याच्या तपासणीचा दाखला मागण्यास हरकत नसावी. गव्हाच्या पोत्याचा नमुना तर आपण मागतोच.