मूल हवे आहे आणि पाळी लांबते : ताटाचा विचार

लग्नाला दोन वर्षे होत आली की सुनेकडे पाहण्याची घरादाराची नजर बदलते. कुणी उघड विचारते, कुणी न विचारताच नवस बोलून मोकळे होते. सून बिचारी आधी सोमवार धरते, मग संकष्टी, मग कुणी सांगितले म्हणून गुरुवारही धरते. पाळीचा मात्र दोन-दोन महिने पत्ता नसतो, आणि ते ती कुणापाशी बोलत नाही. शेवटी एक दिवस शहरात सोनोग्राफी होते. कागदावर लिहिलेले असते ‘पीसीओएस’; बोलताना कुणी ‘पीसीओडी’ही म्हणतात. घरी मात्र निरोप जातो तो एवढाच, की "गाठी निघाल्या म्हणे."

या ‘गाठी’ शब्दाने जेवढा घोटाळा केला आहे, तेवढा मूळ विकारानेही केला नसेल. म्हणून आधी तेवढे उलगडू. बाईच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना दोन बीजकोश असतात. दर महिन्याला त्यांत काही इवल्या पिशव्या वाढू लागतात. त्यांतली एक पुरी वाढते, फुटते आणि बीज बाहेर पडते. ते पुरुषबीजाला भेटले तर गर्भ राहतो, नाही भेटले तर साधारण चौदा दिवसांनी पाळी येते. या विकारात पुष्कळशा पिशव्या अर्ध्या वाटेवर थांबून राहतात. सोनोग्राफीत दिसतात त्या ह्याच. ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याच्या दाण्यापर्यंत त्यांचा आकार. ह्या रोगाच्या गाठी नव्हेत, कर्करोग तर नव्हेच, आणि त्यांच्यासाठी पिशवी काढायचे काहीएक कारण नाही. हे मुद्दाम सांगतो. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या पिशव्या भर तरुणपणी काढल्याचे उघड झाले आणि २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागची कारणे पुष्कळशी निराळी होती. पण ‘गाठ’ म्हटले की ‘काढून टाका’ ही घाई आपल्या ओळखीची आहे.

आता बीज अर्ध्या वाटेवर का थांबते? इथे जेवणाचा संबंध येतो. आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला, की त्याची साखर होऊन रक्तात उतरते. ती साखर शरीराच्या पेशींत पोचवायला इन्सुलिन नावाचा रस लागतो. पाहुणा दारावर थाप मारतो आणि आतला माणूस दार उघडतो, तसे हे काम चालते. ह्या विकाराच्या पुष्कळ बायांत आतल्या माणसाला कमी ऐकू येते. मग शरीर एकाऐवजी चार थापा मारते, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडते. हे जास्तीचे इन्सुलिन बीजकोशाला डिवचते आणि तिथे पुरुषी रस वाजवीपेक्षा अधिक तयार होऊ लागतो. त्याने बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतात. इन्सुलिन वाढल्याने मानेची कातडी काळपट, मखमलीसारखी होते. ती घासून जात नाही, कारण तो मळ नसतोच. आहार बदलायचा तो ह्या थापा कमी करण्यासाठी. बारीक दिसणे हा त्याचा हेतू नव्हे.

हा विकार काही आजचा नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या शंभर स्त्रियांमागे दहा ते तेराजणींना तो असतो, आणि बहुतेकींना त्याचा पत्ताच नसतो. मुंबईत तरुण मुलींची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या कसोट्या लावता पाचांत एकीहून थोड्या अधिक मुलींत तो आढळला. तेव्हा "आमच्याच घरात हे कसं आलं?" असे कुणी कपाळाला हात लावू नये.

"पण आमची सून तर काडीसारखी आहे, तिला कसला आहार सांगता?" असेही विचारतील. त्याला उत्तर आपल्या पुण्यातच मिळते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांची उंचीच्या मानाने वजने अगदी सारखी होती. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची नऊ टक्के आणि याज्ञिकांची एकवीस टक्के भरली! दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांत चरबी आत, पोटाच्या भोवती साठलेली असते. म्हणून बारीक सुनेलाही ताटाकडे बघायला हवे. तिला वजन उतरवायचे नसते, एवढाच फरक. जिचे वजन खरोखर जास्त आहे, तिला मात्र थोडक्यानेही उपयोग होतो. सत्तर किलोच्या बाईचे साडेतीन ते सात किलो उतरले, तरी कित्येकींची पाळी मार्गावर येते. पन्नास किलो व्हायची गरज नाही.

मग खायचे काय? परदेशी नावाचे कोणतेच खास पथ्य इथे लागू पडते असे नाही. २०२३ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की अमुकच आहार दुसऱ्याहून सरस, असा पुरावा मिळालेला नाही. समतोल आणि रोज निभेल असा हवा. मला तर वाटते, मराठवाड्याचे जुने ताट चांगले मांडले तर पुष्कळ झाले. शाळूची भाकरी, हुलग्याची किंवा मटकीची उसळ, मेथी, करडई, अंबाडी, हरभऱ्याचा पाला, जवसाची नाहीतर कारळाची चटणी, कांदा, मुळा, वाटीभर ताक. गडबड पदार्थांत नाही, मापात आहे. तीन भाकऱ्या आणि चमचाभर ठेचा, वरण म्हणजे पिवळे पाणी, असे जेवण झाले की सगळी साखरच साखर. त्याऐवजी भाकरी एक-दीड, उसळ वाटीभर, वरण घट्ट, पालेभाजी भरपूर. खात असाल तर रोज अंडे. डाळ, उसळ आणि पाला यांच्या संगतीने भाकरीची साखर रक्तात हळूहळू उतरते, आणि इन्सुलिनला धावपळ करावी लागत नाही. सणासुदीला पुरणपोळी किंवा शहरातला नान-खलिया खाल्ला, म्हणून आकाश कोसळत नाही.

खरी अडचण पुढेच आहे, सासूबाई, आणि ती तुमच्याशी बोलायची आहे. घरात सगळ्यात शेवटी जेवते कोण? सून. सकाळपासून दोन-तीन वेळा चहा, मग दुपारी दोनला उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला रस्सा. उसळ आधीच संपलेली. तिला कितीही पथ्य सांगा, तिच्या पानात उसळ पोचलीच नाही तर काय उपयोग? तेव्हा वाढायला घेण्याआधी तिची वाटी बाजूला काढून ठेवा. जमले तर सगळ्यांनी बरोबरच बसावे. ह्याला औषधाइतकीच किंमत आहे.

चहाचेही तसेच. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम धरा. दिवसाला सहा कप म्हणजे साठ ग्रॅम, महिन्याला पावणेदोन किलोच्या वर. त्यात बुडवलेला टोस्ट निराळाच! चहा सोडा असे म्हणत नाही. दोन कपांवर आणा, साखर अर्धी करा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, जेवणातले लोह अंगी लागत नाही.

उपासाबद्दल बोलताना जपून बोलतो. श्रद्धा ज्याची त्याची, तिला हात लावायचा नाही. परंतु साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात पोषण फार थोडे. दिवसभर उपाशी, संध्याकाळी थाळीभर खिचडी, असे आठवड्यातून दोनतीनदा झाले, तर मूल व्हावे म्हणून धरलेला उपास मुलाच्या वाटेतच आडवा येतो. उपास करायचाच तर भगर थोडी घ्या, शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा, एखादे फळ घ्या, आणि वेळेवर घ्या. एकादशीला पैठणला चालत गेलात तर उत्तमच, चालणे तर हवेच आहे!

कारण स्नायू हलले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. "आम्ही दिवसभर खुरपतो, आम्हाला कसला व्यायाम?" बरोबर आहे, खुरपणीच्या दिवसांत वेगळे काही नको. पण कामाचा हंगाम संपला की? आणि वाळूज, चिकलठाण्याकडे खोली करून राहिलेल्या, घराबाहेर न पडणाऱ्या मुलींचे काय? आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत. एकटीला लाज वाटते, लोक बोलतात, हे खरे. मग नवऱ्याने बरोबर चालावे. रात्रीची झोपही सात तास हवी, मोबाइल बघत बारा वाजवू नयेत.

नवऱ्याचा विषय निघाला, तर पुढचेही सांगून टाकू. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण असते. बायकोच्या कागदावर पीसीओएस आले, म्हणून नवऱ्याची सुटका होत नाही. त्याची वीर्यतपासणी सुरुवातीलाच व्हावी. ती साधी असते, स्वस्त असते, तिच्यात सुई टोचावी लागत नाही. त्याने तंबाखू, बिडी, दारू सोडावी, आणि तिने मिश्री सोडावी. तंबाखू दातांना लावली तरी रक्तात जातेच.

शिक्षकबंधूंना आणि बाईंना एक विनंती. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्ष-दोन वर्षे ती मागेपुढे होतेच, त्यावरून आठवीतल्या मुलीला पीसीओएसचा शिक्का मारू नका. तीन वर्षे उलटूनही पाळी वर्षात आठांपेक्षा कमी वेळा येत असेल, तर आईला बोलावून डॉक्टरांकडे पाठवा. आणि वर्गात कुणी तिच्या ओठावरच्या लवेवरून हसले, तर त्याला तिथेच थांबवा.

आहार-विहाराने सगळ्याच जणींचे बीज सुटू लागते असे नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाळी अनियमित असेल तर वर्षभर वाट पाहत बसू नये. शहरातले घाटी रुग्णालय, नाहीतर जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. तिथे थायरॉइडची, साखरेची तपासणी होते, कारण पाळी लांबायला दुसरीही कारणे असतात. बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल नावाची गोळी आता पहिली मानतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, शेजारणीच्या चिठ्ठीवर नव्हे. वजन उतरवणारी पावडर आणि बिननावाच्या पुड्या तर हातात धरू नका.

फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र आजपासूनच रोज सुरू करावी; कुणाकुणाला डॉक्टर जास्त मात्रा देतात. बाळाचा मणका आणि मेंदू यांची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, आणि जिची पाळी नेहमीच लांबते तिला तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्यासाठीच पाळी लांबली, की "नेहमीचंच आहे" म्हणून पाळी आणायची गोळी घेऊ नका. आधी सकाळच्या लघवीची तपासणी करा. ती जुळून आली, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना पीसीओएस असल्याचे सांगा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. ह्या बायांना गरोदरपणात मधुमेह होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून पुढे चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या सुमारास ती तपासणी पुन्हा करावी लागते.