चार मिलिग्रॅम पेट्रोलचा हिशेब

मारुतीच्या एस्टीम आणि जिप्सी या गाड्यांत जे १२९८ घनसेंटिमीटरचे एंजिन असे, त्याच्या चार सिलिंडरांपैकी एक सिलिंडर समुद्रसपाटीवरच्या २५ अंश तापमानाच्या हवेने पुरता भरला, तर त्यात सुमारे ३८३ मिलिग्रॅम हवा मावते. या हवेतील प्राणवायू सगळा खपावा आणि पेट्रोलही मागे उरू नये, असे नेमके ज्वलन घडवायचे तर तीत २६ मिलिग्रॅम पेट्रोल मिसळावे लागते, आणि एंजिनाकडून शक्य तेवढी शक्ती काढून घ्यायची तर ३० मिलिग्रॅम. चार मिलिग्रॅमांचे हे अंतर साध्या तराजूला जाणवणारही नाही. तथापि एंजिनाचे आयुष्य याच अंतरावर ठरते, कारण पूर्ण भाराखाली मिश्रण मेकॅनिकांच्या भाषेत ‘लीन’ झाले, म्हणजे पेट्रोल कमी पडले, की ज्वलनकक्षाची उष्णता चढते, नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे आपसूक होणारे स्फोट, सुरू होते आणि पिस्टनच्या माथ्याला इजा पोहोचते. उलट ते फाजील ‘रिच’ झाले, तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि रिंगांची झीज वाढते.

कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा कोणत्या वेगाला आणि कोणत्या भाराला किती पेट्रोल सोडावयाचे, याचा तपशीलवार तक्ता तिच्या ईसीयूमध्ये, म्हणजे एंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकात, नोंदलेला असतो. परंतु मालकाने हौसेने कॅमशाफ्ट बदलली, सायलेन्सरची वाट मोकळी केली आणि मोठे इंजेक्टर बसवले, की आत शिरणाऱ्या हवेचे मानच पालटते आणि तो सारा तक्ता रद्दबातल ठरतो. नवा तक्ता बांधण्याचा हल्लीचा शिरस्ता असा, की धुराच्या नळीत वाइडबँड सेन्सर बसवावा आणि हवेचे व पेट्रोलचे प्रमाण पडद्यावर सरळ वाचत जावे. या साधनाच्या उपयुक्ततेविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण ते मोटारींत आले १९९० नंतरच्या दशकात, आणि त्यापूर्वीही कितीतरी सुधारलेली एंजिने शर्यतींत धावत होती आणि टिकत होती. तेव्हा ती कोणत्या पुराव्यावर जुळवली जात, हे पाहणे केवळ इतिहासाच्या कुतूहलापुरते राहत नाही, कारण ज्याच्यापाशी वाइडबँड नाही त्याला आजही तोच पुरावा गोळा करावा लागतो. माझे मत असे आहे, की गाडीत मुळातच असलेल्या नॅरोबँड सेन्सरला ट्यूनर मंडळी जे कुचकामी ठरवतात ते न्याय्य नाही: त्याला एकच गोष्ट सांगता येते, परंतु ती तो अत्यंत अचूक सांगतो, आणि ज्याला एक बिंदू निश्चित ठाऊक आहे त्याला उरलेले बरेचसे गणिताने काढता येते.

या सेन्सरच्या टोकाशी यिट्रिया मिसळून भाजलेल्या झिर्कोनियाची, शिंप्याच्या अंगुस्तान्याएवढी, एक टोपी असते. तिच्या आतल्या अंगाला बाहेरची मोकळी हवा आणि बाहेरच्या अंगाला एंजिनातून आलेला जळका वायू, अशी तिची मांडणी असते. टोपी ३०० अंशांपलीकडे तापली, की तिच्यातून प्राणवायूचे आयन वाहू लागतात आणि दोन्ही अंगांच्या प्राणवायूच्या दाबांत जशी तफावत असेल तसा विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. या नात्याचे समीकरण वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडले. आणि विशेष असे, की पुढच्या दशकाच्या अखेरीस विजेचा दिवा तयार करताना त्याने जी कांडी तापवून प्रकाशमान केली, तीही याच जातीच्या मिश्रणाची होती. नेर्न्स्टच्या हातून वेगवेगळ्या वेळी सुटलेले हे दोन धागे बॉश कंपनीने एकत्र आणले आणि १९७६ साली व्होल्वोच्या कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या गाड्यांत हा सेन्सर प्रथम बसला.

समीकरण लॉगरिथमचे असल्यामुळे, प्राणवायूच्या दाबांतली तफावत दसपट झाली तरी टोपीच्या चालू तापमानाला विद्युत्‌दाबात जेमतेम ५० मिलिव्होल्टांची भर पडते. पण मिश्रण समतोलाच्या किंचित पलीकडे, रिच बाजूला, गेले रे गेले, की जळक्या वायूतला मोकळा प्राणवायू दसपट नव्हे, शतपटही नव्हे, तर दहाच्या कित्येक घातांनी घटतो, म्हणून ०.१ व्होल्टाच्या आसपास रेंगाळणारा काटा एकदम ०.८ किंवा ०.९ वर उडी घेतो. ही उडी जेथे पडते तेथे पेट्रोलच्या एका भागास हवेचे १४.७ भाग असतात, आणि त्या स्थितीला ‘लॅम्डा १’ म्हणतात. उडीच्या पलीकडे मात्र सेन्सरची वाणी अस्पष्ट होते. ०.८७ व्होल्ट म्हणजे अमुक मिश्रण आणि ०.९० म्हणजे तमुक, अशी कोष्टके गॅरेजांतून फिरत असतात. त्यांवर मुळीच विसंबू नये, कारण त्या प्रदेशात मिश्रणाने जेवढे मिलिव्होल्ट हलतात तेवढेच टोपीच्या तापण्या-निवण्यानेही हलतात.

मग या एका बिंदूचा उपयोग कसा करावयाचा? ईसीयूची आपोआप दुरुस्ती तूर्त बंद करावी, गाडी हलक्या भाराखाली एका स्थिर वेगाने चालू ठेवावी, आणि तक्त्यातील त्या घरातला आकडा थोडथोडा कमीजास्त करीत जावे, काटा ०.४५ व्होल्टाच्या दोन्ही बाजूंना डोलू लागला, की त्या घरापुरते लॅम्डा १ सापडले. समजा, त्या क्षणी इंजेक्टर दर खेपेला ४ मिलिसेकंद उघडा राहतो. यातील सुमारे १ मिलिसेकंद त्याची सुई उचलण्यातच जातो आणि त्या अवधीत पेट्रोल असे पडत नाही. खरे पेट्रोल ३ मिलिसेकंदांचे. शक्तीसाठी लॅम्डा ०.८७ हवे असेल तर पेट्रोल १५ टक्क्यांनी वाढवावे लागते, म्हणजे ३ चे ३.४५ आणि सुईचा १ मिळवून ४.४५. जो घाईने सबंध ४ वरच १५ टक्के चढवून ४.६ लिहितो, त्याच्या एंजिनात प्रत्यक्षात २० टक्के जास्त पेट्रोल पडते. हलक्या आणि मध्यम भाराचा बहुतेक सगळा तक्ता या रीतीने, एकेक घर तपासून, भक्कम बांधता येतो, आणि जास्त भाराच्या घरांसाठी अनुमानाचा आरंभबिंदूही मिळतो.

परंतु सेन्सर प्राणवायू मोजतो, पेट्रोल मोजत नाही, हे क्षणभरही विसरून चालत नाही. सुधारलेल्या एंजिनाची बहुतेक फसगत येथेच होते. धुराच्या नळीच्या सांध्यात बारीकशी गळती असली तर प्रत्येक स्पंदनाबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि मिश्रण ठीक असूनही सेन्सर ते लीन असल्याचे सांगतो. शर्यतीच्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदमच उघडे राहतात, त्यामुळे आयडलिंगला, म्हणजे एंजिन नुसते फिरत असताना, ताज्या मिश्रणात जळक्या वायूंची भेसळ होऊन एखादा स्फोट हुकतो. हुकलेल्या स्फोटातला प्राणवायू जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि अतिरिच मिश्रणामुळे चुकत असलेले एंजिन पुन्हा ‘लीन’ म्हणूनच नोंदले जाते. नवशिका ट्यूनर यावर आणखी पेट्रोल वाढवतो आणि स्फोट आणखी हुकतात. वाइडबँडही या फसवणुकीपासून मुक्त नाही, कारण त्याचाही आधार प्राणवायूच आहे. म्हणून आयडलिंगसाठी व्हॅक्यूम गेज लावावा, आणि ज्या मिश्रणावर निर्वात सर्वांत जास्त व स्थिर मिळेल ते कायम करावे, ही कार्बोरेटरच्या काळातली रीत मला आजही अधिक भरवशाची वाटते.

पूर्ण भाराचा प्रश्न निराळा आहे. तेथे लॅम्डा १ शोधत बसणे धोक्याचे, म्हणून आरंभ मुद्दाम रिच बाजूने करावयाचा, ठिणगीची वेळ जपून मागे ठेवावयाची, आणि ही सारी चाचणी बंदिस्त धावपट्टीवर घ्यावयाची, सार्वजनिक रस्त्यावर नव्हे. तिसऱ्या गिअरमध्ये ३००० पासून ५००० फेऱ्यांपर्यंत जाण्यास किती वेळ लागतो तो नोंदावा, पेट्रोल दोन-तीन टक्क्यांनी उतरवावे, पुन्हा वेळ नोंदावा. येथे निसर्गाने मोठी मुभा ठेवलेली आहे: शक्तीचा आलेख माथ्यावर जवळजवळ सपाट असून सुमारे १२ ते १३ या प्रमाणांच्या दरम्यान शक्तीत फारसा फरक पडत नाही. वेळ सुधारण्याचे थांबले, की त्या पठाराच्या रिच कडेला आपण पोहोचलो असे समजावे आणि तेथेच थांबावे. पुढे जाऊन शक्ती वाढावयाची नाही, उष्णता मात्र वाढेल.

या निष्कर्षाची शहानिशा प्लगवर होते. नवे प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर एक धाव घ्यावी, धावेच्या टोकाशी क्लच आणि इग्निशन एकाच वेळी तोडावे, गाडी तशीच थांबू द्यावी, आणि मग प्लग काढून भिंगाखाली धरावा. हळू वेगाने परत आणलेल्या गाडीचा प्लग त्या परतीच्या प्रवासाचीच हकीकत सांगतो. पांढऱ्या पोर्सेलिनच्या अगदी तळाशी, जेथे ते लोखंडी कवचात शिरते, काजळीचे बारीक वलय उमटते. पूर्ण भाराचे मिश्रण पाहावयाचे ते तेथे. टोकाच्या बिस्किटी रंगाला, शिसेमिश्रित पेट्रोल भारतात २००० साली बंद झाल्यापासून, पूर्वीचे मोल राहिलेले नाही. पोर्सेलिनवर चकाकणारे कण दिसले तर ते पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात, आणि काम त्याच क्षणी थांबवावे लागते. शिवाय जे वाइडबँडलाही साधत नाही ते प्लग साधतो: नळीतला सेन्सर चारही सिलिंडरांची सरासरी सांगतो, तर प्लग प्रत्येकाचा वेगळा जबाब देतो, आणि एखादा इंजेक्टर तुंबून तिसराच सिलिंडर लीन चालला असेल तर ते तेथेच उघडकीस येते.

हल्ली या हिशेबात आणखी एक बाब शिरली आहे. साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून येणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळले, की समतोलाचे प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. जुन्या पेट्रोलवर जुळवलेला तक्ता त्यामुळे पूर्ण भाराखाली साताठ टक्क्यांनी लीन ठरतो. ज्याने शक्तीसाठी १२.८ हा प्रमाणाचा आकडा पाठ केला त्याला हा फरक गोंधळात टाकील, परंतु ज्याने लॅम्डाच्या भाषेत हिशेब केला त्याला फक्त उडीचा बिंदू पुन्हा शोधून तेच १५ टक्के पुन्हा चढवावे लागतात, कारण सेन्सरची उडी इंधन कोणतेही असो, लॅम्डा १ पाशीच पडते.

टर्बो बसवलेल्या एंजिनाबाबत मात्र मी हा सल्ला देणार नाही. सिलिंडरातल्या ज्वालेचे तापमान २००० अंशांच्या पुढे जाते आणि पिस्टनची मिश्रधातू ६०० अंशांच्या आतच वितळू लागते. तरीही पिस्टन शाबूत राहतो, तो त्याच्या माथ्याला चिकटून असलेल्या निवलेल्या वायूच्या पातळ थरामुळे. नॉकिंगच्या दाबलहरी हाच थर खरवडून टाकतात, आणि टर्बोच्या पूर्ण दाबाखाली त्याला काही सेकंद पुरतात. प्लग काढून पाहण्याइतकी सवड तेथे मिळत नाही. ज्या कार्यशाळेत डायनामोमीटर आणि वाइडबँड दोन्ही आहेत, तेथे एका दिवसाचे भाडे भरून ते काम करून घ्यावे.